मराठवाड्याची मुले आणि वेळासची कासवे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील मुलांना अथांग पाणी म्हटले की पैठणचा नाथसागर आठवतो. लाटा त्यालाही आहेत. परंतु भरती-ओहोटी नाही. समुद्रकिनारा आणि तेथील जीवसृष्टी या मुलांना प्रायः पाठ्यपुस्तकातील चित्रांतूनच भेटते. सुट्टीत कोकणात जाणारी कुटुंबे आता मराठवाड्यातही आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र पाण्यात डुंबणे, भेळ खाणे आणि छायाचित्रे काढून परतणे यापलीकडे अनेक सहली जात नाहीत. चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास केलेल्या मुलाच्या पदरी याहून काही अधिक पडावयास हवे. या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव विचारात घेण्याजोगे आहे.

मंडणगड तालुक्यातील, बाणकोटच्या खाडीजवळचे हे लहानसे गाव नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून परिचित होतेच. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी येथील वाळूवर येतात, मागच्या पायांनी खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि खड्डा बुजवून समुद्रात परततात. अंड्यांकडे आई पुन्हा फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसे चोरून नेत. उरलेली कोल्ही-कुत्री उकरीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले. ग्रामस्थ आणि वन विभाग त्यात सहभागी झाले. अंडी कुंपणाच्या आत, तशाच खोलीच्या खड्ड्यांत हलविली जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात.

पुढे येथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची सोय गावकऱ्यांनी आपापल्या घरीच केली. पंचायत सदस्यांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी. वाळूत राहिलेल्या अंड्यापासून गावाला उत्पन्न मिळू लागले, म्हणून राखण टिकली. केवळ कायद्याच्या धाकाने हे झाले असते असे वाटत नाही. कायदा तर १९७२ पासून आहेच.

मुलांना काय सांगावे? कासवांचे लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरते: वाळू अधिक उबदार असल्यास माद्या, थंड असल्यास नर अधिक निपजतात. पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर ते समुद्राचे असते. तेथे एखादी विजेरी पेटली तर पिल्लू भलतीकडे वळते आणि थकून मरते. पिल्लांना उचलून पाण्यात न सोडता वाळूवरून चालू देतात, कारण या चालण्यातूनच त्यांना आपल्या किनाऱ्याची ओळख पटते असे मानले जाते. यांतून वाचून मोठी होणारी फार थोडी. हजारात एखादे, असे म्हणतात.

मोठी झालेली कासवे कोठवर जातात, याचे एक उदाहरण मुले विसरणार नाहीत. मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे ०३२३३ हा क्रमांक लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर! भिंतीवरील नकाशात हा मार्ग बोटाने काढून पाहण्यासारखा आहे.

शिक्षकांसाठी एक गणितही आहे. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकराचा येतो. म्हणजे सकाळ-संध्याकाळ ओहोटी. (वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून.) ओहोटीच्या ओल्या वाळूवर इवले खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती मांडतात. ही नक्षी न्याहाळण्यात अर्धा तास सहज जातो, आणि त्यासाठी कोणताही महोत्सव लागत नाही.

पिल्ले सकाळी सात आणि सायंकाळी सहाच्या सुमारास सोडली जातात. खड्ड्यावरची टोपली उचलली की कधी वीस पिल्ले दिसतात, कधी एकही नाही. एवढ्या लांबून येऊन पिल्लू न दिसल्यास मुलांपेक्षा पालकच अधिक हिरमुसतात. ही शक्यता घरीच सांगून ठेवावी. दोरीच्या अलीकडे उभे राहावे, पिल्लांना हात लावू नये, दिव्याचा झोत टाकू नये. पुढच्या रांगेसाठी होणारी रेटारेटी मोठ्या माणसांचीच असते, हे नमूद करणे भाग आहे.

परतल्यावर हा अभ्यास थांबण्याचे कारण नाही. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या जायकवाडीच्या जलाशयावर हिवाळ्यात कुरव, तुतवार आणि रोहित पक्षी उतरतात. त्यांतील कित्येकांचे भाऊबंद समुद्रकिनारीही दिसतात. याच जलाशयातून पुढे वाहणारी गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिच्या मुखाजवळ, काकीनाड्यानजीकच्या होप बेटावरही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

वेळासला पिल्ले बाहेर पडण्याचा काळ सामान्यतः फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंतचा असतो. हा परीक्षांचाही काळ असल्याने होळी वा गुढीपाडव्याची सुट्टी सोयीची पडते. मात्र त्या दिवसांत घरे आधीच भरलेली असतात, म्हणून निवासाची नोंदणी पुरेशी अगोदर करावी.