विश्लेषण : माळवदाचे घर आणि तेरचे मंदिर कागदात कसे उभे राहते?

दिवाळी जवळ आली की अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. मातीत चुकले तर पुन्हा थापता येते. जाड कागदाच्या घराचे तसे नसते. कात्री लावण्याआधी ते घर सपाट कागदावर पूर्ण उलगडून मांडावे लागते. भिंत किती लांब, दार किती खोल, छत कसे वळते, हे आधी कळले तरच नंतर घड्या जुळतात. हे काम आता संगणकावरील वेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सोपे झाले आहे. धाराशिव जिल्ह्यातील दोन वास्तूंच्या उदाहरणावरून ही पद्धत समजून घेता येते. एक सोपी : माळवदाचे घर. दुसरी अवघड : तेर येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर.

वेक्टर म्हणजे काय? फोटो का चालत नाही?

मोबाइलमधील फोटो लहान लहान ठिपक्यांचा असतो. तो मोठा केला की धूसर होतो. वेक्टर चित्रात ठिपके नसतात. रेषा कुठून कुठे जाते, किती जाड आहे, आत कोणता रंग आहे, याचे गणित साठवलेले असते. त्यामुळे चित्र कितीही मोठे-लहान केले तरी कड धारदार राहते. ‘इंकस्केप’ हे अशा कामाचे मोफत सॉफ्टवेअर २००३ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी संगणक लागतो. मात्र साधा, जुना संगणकही पुरतो. मोबाइलचा उपयोग मोजमापाच्या वेळी होतो. फोटो काढताना भिंतीसमोर सरळ उभे राहावे आणि चौकटीत मोजपट्टी किंवा ठरावीक लांबीची काठी ठेवावी. म्हणजे पुढे त्या फोटोवरून प्रमाण काढता येते.

पहिले घर कोणते करावे?

मराठवाड्यातील माळवदाचे घर नवशिक्यासाठी योग्य. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. छत सपाट असल्याने आकार पेटीसारखा राहतो. समजा, घर ६ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. १:५० हे प्रमाण घेतले तर कागदावर ते १२० × ९० × ६० मिलिमीटर होते.

चार भिंती एका पट्टीत मांडल्या तर लांबी ४२० मिलिमीटर भरते. ‘ए-फोर’ कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, म्हणून पट्टी दोन तुकड्यांत करावी लागते. प्रत्येक तुकड्यात एक लांब आणि एक आखूड भिंत ठेवून टोकाला चिकटवण्यासाठी ६ मिलिमीटरची पाकळी जोडली की तुकडा २१६ मिलिमीटरचा होतो आणि आडव्या कागदावर बसतो.

येथे बहुतेकांकडून एक गोष्ट सुटते : भिंतीची जाडी. माळवदाची भिंत ६० सेंटिमीटर जाड असेल तर कागदावर ती १२ मिलिमीटर भरते. दार आणि खिडकीच्या कडांना तेवढ्या रुंदीच्या पट्ट्या जोडून त्या आत वळवाव्या लागतात. त्या नसतील तर घर खोक्यासारखे दिसते.

दगडांचा पोत कसा काढतात?

फोटोतील भिंत कापून चिकटवणे सोपे वाटते. पण त्यात त्या वेळचे ऊन आणि सावल्याही येतात आणि उलट दिशेच्या भिंतीवर त्या खोट्या दिसतात. त्यापेक्षा दगड काढणे बरे. पेनच्या साधनाने पंधरा-वीस वेगवेगळे दगड काढावेत, मध्ये मातीच्या दर्जा सोडाव्यात आणि त्या तुकड्याचा ‘पॅटर्न’ करून भिंतीत भरावा. तुकडा फार लहान असेल तर तोच दगड ठरावीक अंतरावर पुन्हा दिसतो आणि डोळा फसत नाही. ‘रफन’ या सोयीने रेषा थोड्या खडबडीत होतात.

कोपऱ्याचे दगड मात्र पॅटर्नवर सोडू नयेत. खऱ्या घरात कोपऱ्याचा मोठा दगड दोन्ही भिंतींत शिरलेला असतो. कागदावर तो घडीच्या रेषेवर काढावा, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे. घडी पडली की दगड कोपऱ्यातून वळलेला दिसतो.

पोतावर एवढा भर कशासाठी?

कागद सपाट असतो. घर कशाचे आणि कसे बांधले आहे, हे फक्त पोतच सांगतो. या जिल्ह्यात त्या माहितीची किंमत मोजावी लागली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास दहा हजार माणसे दगावली. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा हादरा मध्यम होता. घात केला तो भिंतींनी. आत एक आणि बाहेर एक असे दगडांचे दोन थर, मध्ये चिपा आणि माती, पण दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, अशी अनेक घरांची बांधणी होती. हादऱ्याने थर सुटले आणि माळवदाचा भार खाली आला. जिथे छताचे वजन लाकडी खांबांवर होते, तिथे अनेक ठिकाणी भिंत ढासळूनही सांगाडा उभा राहिला.

म्हणून प्रतिकृती करताना कोपऱ्यात मोठे दगड आहेत का, आरपार दगडाचे तोंड बाहेर दिसते का, घर किती खणांचे आहे, हे पाहून तसेच काढायला हवे. सगळीकडे एकच सुबक दगडी पोत भरला तर घर देखणे होईल, पण ते कसे बांधले होते हे सांगणार नाही. भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसली आणि इतरत्रही माळवदाच्या जागी सिमेंटचे छत येत गेले. अशा घरांचा नकाशा सहसा कुठे काढलेला नसतो.

तेरच्या मंदिरात अडचण कुठे येते?

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील व्यापारी नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहेच. येथील त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग विटांचा आणि गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखा गोलाई घेतलेला आहे. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असे अभ्यासक मानतात. पुरातत्त्व अभ्यासक हेन्री कझिन्स यांनी १९०२-०३ च्या अहवालात या वास्तूची नोंद केली होती.

कागदासाठी ही गोलाई तीन भागांत मोडावी लागते. समजा, प्रतिकृतीची रुंदी ८० मिलिमीटर आहे आणि सोयीसाठी वक्रता अर्धवर्तुळाची धरली. त्रिज्या ४० मिलिमीटर होते. छताचा कमानदार भाग उलगडला की साधा आयत मिळतो. त्याची रुंदी त्रिज्या गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे १२६ मिलिमीटर. मागची गोल भिंतही तेवढ्याच लांबीची सरळ पट्टी असते. प्रत्यक्षातील वक्रता वेगळी असेल तर फोटोवर रेषा गिरवून ‘मेझर पाथ’ने तिची लांबी काढता येते.

खरी अडचण मागच्या टोकाला आहे. तिथे छत भिंतीबरोबर गोल फिरते आणि पाव गोलासारखा आकार होतो. संत्र्याची साल जशी न फाटता सपाट होत नाही, तसाच हा आकारही एका कागदात उलगडत नाही. त्याच्या आठ निमुळत्या पाकळ्या कराव्या लागतात. प्रत्येक पाकळी तळाशी १५.७ मिलिमीटर रुंद आणि ६२.८ मिलिमीटर लांब. निम्म्या लांबीवर तिची रुंदी ११.१ मिलिमीटर ठेवावी आणि टोकाशी शून्यावर आणावी.

विटांचे थर काढायचे तेही एकाच पाकळीवर. मग तिच्या सात प्रती ‘क्लोन’ करायच्या. म्हणजे आठही पाकळ्यांवर थर एकाच उंचीवर येतात. पाच-सहा सेंटिमीटर जाडीची वीट धरली तर या प्रमाणात एक थर सव्वा मिलिमीटरच्या आसपास बसतो आणि दर्जेची रेषा ०.२ मिलिमीटरची. वेक्टरमुळेच इतकी बारीक रेषा स्वच्छ छापली जाते.

छपाईच्या वेळी काय चुकते?

पहिली चूक म्हणजे ‘फिट टू पेज’. त्यामुळे चित्र आपोआप थोडे लहान होते आणि वेगवेगळ्या वेळी छापलेले भाग जुळत नाहीत. फाइलमध्ये १०० मिलिमीटरची एक रेषा काढून ठेवावी, १०० टक्के आकारात छापावे आणि ती रेषा पट्टीने मोजावी. दुसरी चूक म्हणजे पोत कापण्याच्या रेषेवरच संपवणे. तो दोन मिलिमीटर पुढे न्यावा, नाहीतर जोडावर पांढरी फट दिसते.

कापण्याच्या रेषा, घड्या, पोत आणि भागांचे क्रमांक वेगवेगळ्या ‘लेयर’वर ठेवावेत. कागद २०० जीएसएमच्या आसपासचा चालतो. घडीवर संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून आधी चर पाडावा, मग दुमडावे. कापलेल्या पांढऱ्या कडांना दगडाच्या रंगाचे स्केचपेन फिरवले की जोड दिसेनासा होतो. व्हॉट्सअॅपवरून छपाईच्या दुकानात फाइल पाठवायची असेल तर ती पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. चित्र म्हणून पाठवले की पुन्हा ठिपके आलेच.

सुरुवात कुठून करावी?

गावातील उभ्या असलेल्या एखाद्या माळवदाच्या घरापासून. एक मोजपट्टी, तिचे दुसरे टोक धरायला एक माणूस आणि वही एवढेच लागते. जुन्या छतावर चढू नये, सुटलेल्या भिंतीला टेकू नये. तेरच्या मंदिरातही विटांना हात न लावता फोटोवरच भागवावे. मोजताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घ्यावे. बुजवलेले दार कुठे होते, पडवी कोणत्या बाजूला होती, धान्याचे पेव कुठे होते, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांनी सांगितलेले वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात काढून ठेवावे. घर उद्या पाडले गेले तरी त्याची मापे आणि दगडांची मांडणी फाइलमध्ये राहते आणि कोणालाही तेच घर कागदात पुन्हा उभे करता येते.