बॉनेटखालच्या चार नळ्या

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधून संध्याकाळी गाडी बाहेर काढली की पहिला अर्धा तास दोनच गिअरमध्ये जातो. एका अंगाला आउटर रिंग रोड, दुसऱ्या अंगाला होसूर रोड आणि दोन्ही जिथे भिडतात तो सिल्क बोर्डचा चौक. टॅकोमीटरचा काटा दोन हजारांच्या वर क्वचितच जातो. तरीही गाडीवेड्या मंडळींच्या गप्पांत हेडरचा विषय निघतोच, आणि त्यांत पुण्या-नाशकाकडून नोकरीला आलेले, एमएच पासिंगच्या गाड्या घेऊन फिरणारेही असतात.

सिलिंडरमधून जळका वायू जिथून बाहेर पडतो, तिथे कंपनी बहुधा बिडाचा मॅनिफोल्ड लावते. त्याची चार आखूड तोंडं लगेच एकत्र येतात. तो जड असतो, पण स्वस्त पडतो, आवाज दाबतो आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही. हेडरमध्ये त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी येते. नळ्यांची लांबी शक्य तितकी सारखी ठेवतात आणि पुढे त्या मोजून ठरवलेल्या ठिकाणी एकत्र आणतात. ‘वायूला मोकळी वाट मिळते’ एवढंच कारण सहसा सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण खरी गंमत लाटेत आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून सुटते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असतो. नळ्या जिथे एकत्र येऊन वाट एकदम रुंद होते, तिथून ती उलटी फिरते, पण परतताना दाब नव्हे तर ओढ घेऊन येते. इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. नेमकी तेव्हा ही ओढ पोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि त्यामागोमाग ताजी हवा आत येते. ना वेगळा पंप, ना पट्टा. नळीच्या लांबीवर मिळालेलं हे काम आहे.

पण लांबी एकाच गतीला जुळते. सहा हजार आरपीएमला क्रँकचा एक फेरा 10 मिलिसेकंदांत पुरा होतो. ट्यूनर वापरतात त्या ढोबळ सूत्राने या गतीसाठी नळी साधारण 75 सेंटिमीटर लागते. तेच गणित दोन हजारांसाठी मांडलं तर उत्तर दोन मीटरच्या पुढे जातं आणि तेवढी नळी बॉनेटखाली मावत नाही. म्हणजे ज्या गतीला हेडर आपलं काम दाखवतो, ती सिल्क बोर्डच्या रांगेत येतच नाही.

रचनेचे मुख्य प्रकार दोन. ‘चार-एक’मध्ये चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळतात आणि जोर वरच्या आरपीएमला येतो. ‘चार-दोन-एक’मध्ये आधी दोन जोड्या होतात. इंजिनाचा पेटण्याचा क्रम 1-3-4-2 असेल तर 1 आणि 4 ही एक जोडी, 2 आणि 3 ही दुसरी. जोडीतल्या दोन सिलिंडरांचे धक्के एकमेकांपासून पुरा एक फेरा लांब असल्याने ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि मधल्या गतीलाही थोडा पिकअप मिळतो. रस्त्यावरच्या गाडीला हाच प्रकार शहाणपणाचा.

खरी कसोटी वेल्डिंगची. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलची 75 सेंटिमीटर नळी सहाशे अंशांनी तापली की सुमारे आठ मिलिमीटर लांबते. नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या, सिलिंडर हेडला घट्ट बसवलेल्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला, ही वाढ सामावून घ्यायला जागा नसते, म्हणून तडा जातो तो जोडाशेजारी. चांगला कारागीर आर्गन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडतो. नाहीतर आतली बाजू करपून खरखरीत होते, वायू अडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. हेडर विकत घेताना बाहेरची चकाकी बघू नये. नळीत बॅटरी मारून जोडाची आतली बाजू बघावी, आणि फ्लँज सपाट काचेवर ठेवून डुगडुगते का ते तपासावं.

कोणत्या गाडीला हे बसतं? 1998 साली भारतात आलेली पहिली होंडा सिटी आणि पुढे तिची 106 अश्वशक्तीची व्हीटेक आवृत्ती ही या हौसेची लाडकी गाडी. टर्बो नाही आणि इंजिन वरच्या आरपीएमला खुलतं, त्यामुळे हेडरला तिथे वाव आहे. तरीही अशा इंजिनाला नुसत्या हेडरने चार-सहा अश्वशक्ती मिळाली तरी पुष्कळ. त्याहून अधिक हवी असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिमॅप करावा लागतो. आता पुण्याजवळच्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो 1.0 टीएसआय किंवा व्हर्टस घ्या. तिच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्या ओतकामातच आहे. भोवती कूलंट फिरतो आणि टर्बो थेट हेडवर बसतो. बदलायला हेडर असा भाग तिथे उरलेलाच नाही. दुकानदार अशा गाडीला हेडर म्हणून देतो ती टर्बोनंतरची नळी, म्हणजे डाउनपाइप असते.

डाउनपाइपपाशी कायदा आडवा येतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून अलीकडच्या गाड्यांत तो इंजिनाला चिकटूनच असतो. नळी बदलताना बहुधा तोच काढला जातो. मग डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तो विझवायला सेन्सरला फसवण्याचे उपाय सुरू होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगीविना असा बदल करू देत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्यास कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड वेगळा. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. एमएच पासिंगची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक राहिली की नोंदणी बदलावी लागते; तेव्हा गाडीच्या तपासणीत हा बदल उघडा पडू शकतो.

हेडरची हक्काची जागा ट्रॅक. होसूर रोडने कृष्णगिरी गाठून चेन्नईचा महामार्ग धरला की श्रीपेरुंबुदूरच्या पुढे इरुंगट्टुकोट्टई लागतं. तिथला रेस ट्रॅक 1990 पासून चालू आहे आणि त्याचा एक फेरा सुमारे 3.7 किलोमीटरचा आहे. काटा सहा हजारांवर टिकतो तो अशा ठिकाणी, आणि नळीच्या लांबीचा हिशेब वसूल होतो तोही तिथेच.

म्हणून ज्याला ट्रॅकवर जायचंय त्याने जुन्या, टर्बो नसलेल्या गाडीला हेडर जरूर करून घ्यावा. मात्र रिमॅपचा खर्च आधीच धरावा आणि गाडी स्पर्धेपुरतीच ठेवावी. बाकीच्यांनी तेच पैसे टायर, ब्रेक पॅड, प्लग आणि कूलंटच्या नळ्यांवर घालावेत. एचएसआरच्या रस्त्यांवर त्यांचा फरक रोज जाणवतो. आणि हेडर बसवलाच, तर काढलेला बिडाचा मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा आरटीओत नेताना तो परत लावावा लागेल.