संरक्षणखर्च: उधळपट्टी कुठली, कपात कशाची?

अर्थसंकल्पाच्या आठवड्यात डोंबिवली-कल्याणच्या लोकलमध्ये दोन तट हमखास पडतात. एकाच्या मते सैन्यावर पैसा उधळला जातो. दुसऱ्याच्या मते त्यातला एक रुपया कमी करणं म्हणजे जवानाशी गद्दारी. आकड्यांच्या वाटेला मात्र दोघेही जात नाहीत.

गैरसमज: सगळा पैसा तोफा-विमानांवर जातो.

२०२५-२६ची संरक्षण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपयांची. त्यात नवी शस्त्रं, जहाजं, विमानं अशा भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी, तर निवृत्तिवेतनाला जवळपास १.६१ लाख कोटी. बाकीचा मोठा भाग पगार, इंधन, दुरुस्ती आणि शिध्याचा. म्हणून ‘सरसकट दहा टक्के कापा’ ही सूचना ऐकायलाच सोपी. पेन्शन थांबवता येत नाही, पगार तुंबवता येत नाही. मग कात्री चालते ती नव्या खरेदीवर. उधळपट्टी होती तिथेच राहते. शिवाय मंजूर पैसा खर्च होतोच असंही नाही. २०२४-२५ची १.७२ लाख कोटींची भांडवली तरतूद सुधारित अंदाजात सुमारे १.६० लाख कोटींवर आली होती.

गैरसमज: काटकसरीची भाषा करणारे सैन्याच्या विरोधात.

२०१६ साली मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर, म्हणजे खुद्द फौजेतलेच. समितीने बिगरलढाऊ डोलारा आटोपशीर करायला सांगितलं आणि त्याचबरोबर संरक्षणावर जीडीपीच्या अडीच ते तीन टक्के खर्च हवा, असंही म्हटलं. (२०२५-२६च्या तरतुदीत हे प्रमाण दोनच्या आत होतं.) तिच्या शिफारशींपैकी ६५ सरकारने २०१७मध्ये पहिल्या टप्प्यात स्वीकारल्या. त्यांतली एक लष्करी गोठे बंद करण्याची. जवानांना ताजं दूध मिळावं म्हणून १८८९मध्ये अलाहाबादला पहिला गोठा निघाला. पुढे गावोगावी डेअऱ्या आल्या, तरी हे गोठे चालूच होते, आणि शेवटी ३१ मार्च २०२१ला बंद झाले. माझ्या मते उधळपट्टी बहुतेकदा अशीच असते: घोटाळा नसतो, म्हणून बातमीही होत नाही.

गैरसमज: अंबरनाथचा दारूगोळा कारखाना विकला, पैसे वाचले.

दोन्ही अर्धवट. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची आयुध निर्माणी नागपूरच्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली आणि शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळच्या ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे. सातही कंपन्या पूर्णपणे सरकारी मालकीच्या. कामगारांना सुरुवातीला प्रतिनियुक्तीवर ठेवलं. त्याआधी संप रोखण्यासाठी वटहुकूमही निघाला होता, त्यामुळे विक्रीची शंका येणं समजण्यासारखं आहे. पण बचतीचं काय? कंपनीचं मुख्य गिऱ्हाईक सैन्यच. कारखान्याचा खर्च आता मालाच्या किमतीतून त्याच तिजोरीकडे येतो. बचत झाली की नाही, हे कंपनीच्या नफ्यावरून कळणार नाही. तोच गोळा सैन्याला पूर्वीपेक्षा स्वस्त, वेळेवर आणि निर्दोष मिळतो का, हे पाहावं लागेल.

गैरसमज: अर्थसंकल्पात दिसतो तेवढाच खर्च.

कल्याणजवळच्या नेवाळीची जमीन ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली. युद्ध संपलं, धावपट्टी निकामी झाली, जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. जून २०१७मध्ये नौदलाच्या कुंपणावरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळल्या. ती जमीन नौदलाला लागणार असेल किंवा नसेल, पण तिची किंमत संरक्षणाच्या वार्षिक तरतुदीत कुठल्याच रकान्यात नाही.