माणशी अर्धा एकर

सह्याद्रीचा घाटमाथा ओलांडून मोसमी ढग पूर्वेकडे सरकतात, तेव्हा त्यांच्याजवळचे बरेचसे पाणी आधीच रिते झालेले असते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा मोठा भाग या पर्जन्यछायेत मोडतो. जेजुरीचा खंडोबा, पुरंदरचा किल्ला आणि अंजीर-सीताफळांच्या बागा यांमुळे तालुक्याची कीर्ती दूरवर पोहोचली असली, तरी येथील कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार ज्वारी-बाजरीच्या बेभरवशाच्या पिकावरच अवलंबून असे.

१९७२ च्या दुष्काळात ते पीकही हातचे गेले आणि असंख्य कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे त्या काळात या भागात फिरले. दुष्काळी कामांमुळे त्या दिवसाची चूल पेटत होती. परंतु पुढच्या वर्षीही पावसाने पाठ फिरवली तर काय, याचे उत्तर खडीच्या ढिगाऱ्यात सापडणारे नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि नायगाव येथील देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली.

उतारावर समपातळी बांध घालण्यात आले, पायथ्याशी पाझर तलाव झाला आणि तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली गेली. बांधांनी अडवलेला पाऊस जमिनीत मुरे, तलावातील पाणी झिरपत विहिरीत उतरे आणि पंपाने ते पुन्हा वरच्या शेतांना दिले जाई. यात अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणावा असे काही नव्हते. माळावर पीक उभे राहिलेले पाहून आजूबाजूचे शेतकरीही अशा योजनेची मागणी करू लागले, आणि खरा कठीण प्रश्न तेथेच उभा राहिला. विहिरीला लागलेले पाणी कोणाचे?

प्रचलित रीतीने ते जमीनमालकाचे. ज्याची जमीन अधिक, विहीर खोल आणि मोटर दमदार, त्याच्याकडे शेजाऱ्याच्या रानाखालचे पाणीही ओढले जाते. गावाने श्रमाने मुरवलेले पाणी अशा प्रकारे दोन-चार घरांत जाणार असेल, तर बांधबंदिस्ती करून अल्पभूधारकाच्या पदरात काय पडणार?

पाणी पंचायतीने हे गणितच बदलले. पाण्याचा हिस्सा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता घरातील माणसांच्या संख्येवर ठरवण्यात आला : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकरांपुरते. वीस एकरांच्या मालकाच्या घरात तीनच माणसे असतील, तर त्याचे दीड एकर भिजणार; पाच माणसांच्या भूमिहीन कुटुंबाचा हक्क मात्र अडीच एकरांचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क खरेदीदाराकडे जात नसे, तो गटाकडे परत येई. सातबारा आणि पाणी यांची इतकी स्पष्ट फारकत करण्याचे धैर्य आपल्याकडे क्वचितच कोणी दाखवले असेल.

उसाला मज्जाव होता. शेजारच्या बारामतीकडील हिरवेगार फड पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा नियम जाचक वाटणे स्वाभाविकच. पण वर्षभराहून अधिक काळ रानात उभा राहणारा ऊस एका घराची तहान भागवताना अनेक घरांची ज्वारी, कडधान्ये आणि भाजीपाला कोरडा ठेवतो. पाळीप्रमाणे पाणी सोडण्यासाठी गटाने पाटकरी नेमायचा आणि प्रत्येकाने आपल्या हिश्श्यात बसेल तेच पीक घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती.

पैशाची बाजूही विचारपूर्वक बांधलेली होती. योजनेच्या भांडवली खर्चातील वीस टक्के रक्कम सभासदांनी स्वतः उभी करायची, उरलेल्यासाठी शासकीय अनुदान आणि प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज. बँक-व्यवहार जाणणाऱ्यांना यातील मार्जिन मनीचे तत्त्व सहज ओळखता येईल. पदरचे पैसे घातलेला शेतकरी पाटकऱ्याला जाब विचारतो, फुटलेल्या पाइपाकडे दुर्लक्ष करत नाही.

सर्वच गट टिकले असे मात्र नाही. उपसा योजना विजेवर चालते. बिल थकले की पाणी थांबते आणि पाणी थांबले की सभासदांची वर्गणीही आटते. शिवाय शेजाऱ्याने शेजाऱ्यावर घातलेले बंधन पाळले जाण्यासाठी गट लहान आणि परस्परांना ओळखणारा असावा लागतो.

२००२ मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. त्याच वर्षी ओडिशाने सिंचन-व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागासाठी कायदा केला आणि त्याला नाव दिले पाणी पंचायत कायदा. महाराष्ट्रातही २००५ मध्ये पाणी वापर संस्थांचा कायदा झाला. कालव्याच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणे हे दोन्ही कायद्यांचे मोठेच पाऊल होय. परंतु या संस्थांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी निगडित आहे. नायगावच्या गणतीत ज्याच्या घरातील प्रत्येक माणूस धरला जात होता, त्या भूमिहीनाचे नाव तेथे सभासदांच्या यादीत येत नाही.