तुटलेली केबल आणि बेटांची एकी

एखाद्या देशाचा साऱ्या जगाशी संपर्कच तुटला तर? पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशात १५ जानेवारी २०२२ ला हेच घडलं. समुद्रातल्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, त्सुनामी आली आणि टोंगाला फिजीशी जोडणारी ८२७ किलोमीटर लांबीची केबल समुद्रतळाशी तुटली. इंटरनेट बंद, परदेशी फोन बंद!

तुम्हाला वाटत असेल, इंटरनेट उपग्रहांवरून येतं. पण देशोदेशींची बहुतेक माहिती धावते ती समुद्राच्या तळावरून! केबलमधल्या केसाइतक्या बारीक काचतंतूंतून, प्रकाशाच्या रूपात, सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने.

मग एवढ्या लांब केबलमधली तुटलेली जागा शोधायची कशी? सोपी युक्ती आहे. किनाऱ्यावरून केबलमध्ये प्रकाश सोडायचा. तंतू तुटलेल्या जागेवरून थोडा प्रकाश मागे फिरतो. त्याला परतायला किती वेळ लागला ते मोजलं की अंतर कळतं. टोंगाच्या किनाऱ्यापासून साधारण ३७ किलोमीटरवर बिघाड सापडला!

पापुआ न्यू गिनीहून ‘रिलायन्स’ हे दुरुस्तीचं जहाज निघालं. तळाशी गळ सोडून केबलची टोकं वर ओढली, नवी केबल जोडली. मुख्य बेट पाच आठवड्यांनी जगाशी बोलू लागलं. दूरच्या बेटांना जोडणारी वेगळी केबलही तुटली होती; तिच्या दुरुस्तीला मात्र सुमारे दीड वर्ष लागलं.

टोंगाची लोकसंख्या जेमतेम लाखभर. स्वतःचं असं जहाज त्याला कसं परवडेल? म्हणून त्या भागातले केबलमालक मिळून खर्च उचलतात आणि एक जहाज कायम सज्ज ठेवतात.

अशीच एकी करणारी एक संस्था फिजीची राजधानी सुवा इथे आहे: पॅसिफिक बेटांच्या दूरसंचार कंपन्यांची संघटना, ‘पिटा’. ती नफ्यासाठी चालत नाही. बेटांवरच्या कंपन्या तिच्यामार्फत एकत्र येतात, आपल्या माणसांना प्रशिक्षण देतात आणि जगापुढे आपलं म्हणणं एका आवाजात मांडतात. आपल्याकडे शेतकरी बैल आणि माणसं एकत्र आणून एकमेकांची शेतं नांगरतात, त्या इरजिकीसारखंच हे!

मुंबईत वर्सोव्यालाही समुद्री केबल किनाऱ्याला लागतात. नकाशा उघडा, टोंगा, सुवा आणि वर्सोवा शोधा, आणि पुढच्या वेळी परदेशातल्या मावशीशी व्हिडिओवर बोलाल, तेव्हा तिलाही ही गोष्ट नक्की सांगा.