डॉक्टर घोडे

दोस्तांनो, माथेरानला गेला असाल, तर घोड्यावरून रपेट नक्की मारली असेल. तिथे मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे घोड्यांचा मोठा रुबाब! घोडेवाल्या काकांनी तुम्हाला उचलून खोगिरावर बसवलं असेल, रिकिबीत पाय अडकवून दिले असतील आणि म्हणाले असतील, "घट्ट धरा, घाबरायचं नाही." तुम्ही घाबरला होता की नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. घोड्याला मात्र ते कळलं होतं, बरं का!

पुढच्या वेळी त्याच्या कानांकडे नीट बघा. एक कान पुढच्या वळणाकडे असतो, त्याच वेळी दुसरा मागे तुमच्याकडे वळलेला असतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवताही त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागचा भाग, एवढंच काय ते दिसत नाही. (म्हणूनच घोड्याच्या मागून जायचं नाही. दचकला, तर लाथ बसलीच म्हणून समजा!) एवढा जागता पहारा कशासाठी? तर घोडा गवत खाणारा, आणि त्याला खायला टपलेले प्राणी पुष्कळ. कळपात एकानं कान टवकारले, की सगळे सावध. जो सावध राहिला, तोच वाचला. ती सवय आजही गेलेली नाही. वाऱ्यानं प्लॅस्टिकची पिशवी फडफडली, तरी साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा हा धिप्पाड गडी बुजतो.

हा पहारा लक्षात ठेवा. आता आपल्याला अमेरिकेत जायचंय.

२००१ नंतर अफगाणिस्तानात आणि २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकेचे लाखो सैनिक लढायला गेले. त्यात स्त्रियाही होत्या. तिथे रस्त्याच्या कडेला बॉम्ब पुरलेले असत. वाटेत पडलेला डबा, उकरलेली माती, उभी केलेली रिकामी मोटार, कशातही मरण लपलेलं असू शकायचं. महिनोन् महिने डोळ्यांत तेल घालून पाहायचं, बारीकसारीक आवाजाचा कानोसा घ्यायचा. मग एक दिवस विमानात बसून घरी परत! घरी बॉम्ब नाहीत, शत्रू नाही. पण अंगात भिनलेला तो पहारा काही केल्या उतरत नाही.

फटाका वाजला, की असा माणूस झटकन जमिनीवर पालथा पडतो. हॉटेलात गेला, तर पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसतो. रात्र रात्र झोप नाही. लागलीच तर भयंकर स्वप्नं. कुणी मागून प्रेमानं खांद्यावर हात ठेवला, तर एकदम अंगावर धावून जातो आणि मग स्वतःच शरमून जातो. पुढे पुढे तो लोकांत जाणंच सोडतो.

आणि घरातल्या मुलांचं काय? बाबा परत आले म्हणून शाळेत मिरवून झालेलं असतं. पण बाबा घरात असूनही आल्यासारखे वाटत नाहीत. दार आपटायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, झोपलेल्या बाबांना हलवून उठवायचं नाही. 'आपलंच काहीतरी चुकलं असेल,' असं त्या पोरांना वाटत राहतं. कुणाला सांगणार?

हा दुखण्याचा प्रकार नवा नाही. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणायचे. तेव्हा अशा कित्येक सैनिकांना भित्रे म्हणून हिणवलं गेलं, काहींना शिक्षाही झाल्या. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद केली आणि नाव दिलं 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', थोडक्यात पीटीएसडी. त्यावर औषधं आहेत, डॉक्टरांशी बोलून करायचे उपचार आहेत, आणि त्यांनी पुष्कळांना बरंही वाटतं. पण काही जण उपचार अर्धवट सोडून जातात. जे आठवायचंच नाही, ते खोलीत बसून अनोळखी माणसाला सांगायचं, हे सोपं का आहे?

इथे आपला घोडा आठवा. सतत पहारा करणारं आणखी कोण होतं? तोच!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युवाल नेरिया आणि प्रुडन्स फिशर या दोन संशोधकांनी ठरवलं, की घोड्यांमुळे सैनिकांना बरं वाटतं असं लोक नुसतं म्हणतात, आपण ते शास्त्रीय पद्धतीनं तपासून पाहू. यामागे अर्ल मॅक नावाच्या गृहस्थांचा आग्रह आणि पैसा होता. ते शर्यतीच्या घोड्यांचे मालक. म्हणून प्रकल्पाला नावही घोड्याचंच मिळालं, 'मॅन ओ वॉर'. हा शंभर वर्षांपूर्वीचा शर्यतीचा नामांकित घोडा. २१ शर्यतींपैकी २० जिंकला. एकच हरला, आणि त्याला हरवणाऱ्या घोड्याचं नाव काय असावं? 'अपसेट'!

असो. या प्रकल्पात सैन्यातून निवृत्त झालेले ६३ जण आले. छोटा गट, आठवड्यातून एकदा दीड तास, असे आठ आठवडे. सोबत एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक घोड्यांचा जाणकार. आणि गंमत म्हणजे घोड्यावर बसायचंच नाही! आधी नुसतं लांबून बघायचं. मग जवळ जायचं, मानेवरून हात फिरवायचा, खरारा करायचा, आयाळ विंचरायची. त्यानंतर दोरी धरून चालवायचं. हे शेवटचं सोपं वाटतं ना? करून बघा! पाचशे किलोच्या जनावराला ओढून कोण नेणार? सैन्यातला हुकूमही इथे चालत नाही. तुम्ही मुठी आवळून, श्वास रोखून, रागारागानं गेलात, तर घोडा मान वर करतो, कान मागे पाडतो आणि चार पावलं दूर सरकतो. तुम्ही थांबलात, खांदे सैल सोडलेत, श्वास सावकाश घेतलात, की त्याचीही मान खाली येते. मग तो स्वतः जवळ येऊन तुमचा हात हुंगतो. 'तुम्ही फार ताणलेले दिसता' असं डॉक्टरनं म्हटलं, तर राग येऊ शकतो. घोड्यावर कशाला रागावणार? अंगातला ताण दाखवणारा हा चालताबोलता थर्मामीटरच. बरं, 'तू युद्धात काय केलंस?' असंही तो कधी विचारत नाही.

घोड्यांना माणसाचं मन खरंच कळतं का? थोडंफार कळतं, असं दिसतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी घोड्यांना एका माणसाचा हसरा किंवा रागावलेला फोटो दाखवला. काही तासांनी तोच माणूस चेहऱ्यावर काहीही भाव न आणता त्यांच्यासमोर उभा राहिला. ज्यांनी रागीट फोटो पाहिला होता, ते घोडे त्याच्याकडे जास्त सावधपणे पाहत होते. म्हणजे चेहरा लक्षात होता आणि रागही!

कोलंबियाचा निकाल २०२१ मध्ये छापून आला. ६३ पैकी पाचच जण मध्येच सोडून गेले. साधारण निम्म्यांचा त्रास चांगलाच कमी झाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही तो सुधार टिकून होता. संशोधक मात्र यावर हुरळून गेले नाहीत. घोड्यांकडे न गेलेल्या दुसऱ्या गटाशी तुलना अजून करायला हवी, असं त्यांनीच सांगून ठेवलं. मला हे आवडलं. काही जाहिरातींत घोडा म्हणजे रामबाण औषध असल्यासारखं लिहिलेलं असतं. तसं मुळीच नाही. निम्म्यांना फरक पडला, याचा अर्थ उरलेल्या निम्म्यांना तेवढा पडला नाही.

हे झालं मनाचं. शरीराचं काय? घोडा चालतो, तेव्हा त्याची पाठ वरखाली, पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलते. त्यावर बसलेल्याची कंबरही आपण चालताना हलते तशीच हलते. पाय नसले तरी! डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय निकामी झाले. तरी त्या पुन्हा घोड्यावर बसल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात पुरुषांबरोबर उतरून त्यांनी रौप्यपदक मिळवलं. विजयमंचावर चढायला त्यांना हात कुणी दिला असेल? सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या हेन्री सेंट सिर यांनी! घोडेस्वारीतून उपचार करणारी केंद्रं युरोप-अमेरिकेत निघाली, त्यामागे लिसबाईंच्या त्या पदकाचा मोठा वाटा आहे.

२००६ मध्ये हा उपचार अमेरिकेच्या सैन्याच्या थेट पागेत पोहोचला. वॉशिंग्टन शहराजवळ आर्लिंग्टन इथे सैनिकांची फार मोठी दफनभूमी आहे. शेजारीच फोर्ट मायर हा लष्करी तळ. तिथल्या 'ओल्ड गार्ड' पलटणीचे घोडे शहीद सैनिकांच्या शवपेट्यांचा गाडा ओढतात. गाड्याला सहा घोडे जुंपलेले, पण स्वार तीनच, तेही डावीकडच्या घोड्यांवर. उजवीकडच्या तिघांवर खोगीर असतं, माणूस नसतो. पूर्वी हे गाडे तोफखान्याचे होते आणि उजव्या घोड्यांवर सामान लादत, त्याची ही खूण.

निवृत्त नौदल अधिकारी मेरी जो बेकमन आणि निवृत्त सार्जंट मेजर लॅरी पेन्स यांना वाटलं, हेच घोडे जखमी सैनिकांसाठी का वापरू नयेत? मग वॉल्टर रीड इस्पितळातून हात-पाय गमावलेले सैनिक येऊ लागले. एक जवान लगाम धरून पुढे चालायचा आणि दोघे जण दोन बाजूंनी आधाराला. खोगिरावर तोल सावरता सावरता कंबर आणि पाठ बळकट होत जायची. एरवी सवंगड्याची शवपेटी ओढणारा घोडा इथे वाचलेल्याला पाठीवर घेऊन फिरत होता. पुढे इतरही अनेक केंद्रांनी सैनिकांसाठी असे वर्ग उघडले. काहींनी त्यांच्या घरच्या माणसांनाही बोलावलं. आईबाबा आणि मुलं मिळून एका घोड्याला आडव्यातिडव्या वाटेनं न्यायचं. सगळे एकदम ओरडू लागले, की घोडा जागचा हलत नाही. मग कुणीतरी हळूच बोलायला लागतं, आणि बाकीचे ऐकतात.

पण दोस्तांनो, या डॉक्टरांवर कुणाचं लक्ष होतं? फेब्रुवारी २०२२ मध्ये फोर्ट मायरच्या पागेतले मिकी आणि टोनी हे दोन घोडे चार दिवसांच्या अंतरानं दगावले. त्यांच्या पोटात वाळू आणि खडी साचली होती. चौकशी झाली तेव्हा कळलं, की चारा निकृष्ट होता आणि मोकळं सोडायची जागा अपुरी, चिखल नि खडीची होती. इतरही अनेक घोडे दुखण्यांनी बेजार होते. ज्यांच्या पाठीवर एवढा भार टाकला, त्यांना धड गवतही मिळत नव्हतं! मी हे वाचलं, तेव्हा मला फार राग आला होता.

२०२३ मध्ये सैन्यानं गाडा ओढण्याचं काम थांबवलं. घोड्यांवर उपचार झाले, नवे घोडे घेतले, जाणकार प्रशिक्षक आणले. सगळं लवकरच सुरळीत होईल असं आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन वर्षं लागली. जून २०२५ मध्ये आर्लिंग्टनच्या रस्त्यावर पुन्हा टापांचा आवाज ऐकू आला; तोही रोज मोजक्याच फेऱ्यांपुरता, घोड्यांना झेपेल तेवढाच.