विज्ञानसाक्षरता व जीवनसंदर्भी शिक्षण

विज्ञानसाक्षरता म्हणजे वैज्ञानिक संकल्पनांच्या आधारे निसर्गातील व व्यवहारातील घटनांचा अर्थ लावण्याची, पुरावा पारखण्याची आणि तदनुसार निर्णय घेण्याची क्षमता होय. विद्यार्थ्याच्या परिसरातील प्रश्न किंवा काम हे अध्यापनाचे आरंभस्थान मानून ही क्षमता वाढविणाऱ्या पद्धतीस जीवनसंदर्भी शिक्षण म्हणतात. व्याख्या मुखोद्गत असूनही घरातील वा शेतातील वस्तुस्थितीशी तिचा संबंध जोडता न येणे, ही उणीव दूर करणे हा या पद्धतीचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या मूलोद्योग शिक्षणात उत्पादक कामाला शिक्षणाचे माध्यम मानले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये स्थापिलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपले आरंभीचे काम जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत केले. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे विकसित झालेल्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे विभाग आहेत. आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. मातीपरीक्षणासारख्या सेवा गावालाही मिळतात.

कार्यपद्धती : भोंगवलीसारख्या (ता. भोर) गावात विहिरीवरील पंप हा पाठाचा विषय होऊ शकतो. एक घनमीटर (१,००० लिटर) पाणी दहा मीटर उंच चढविण्यास सु. ९८,००० जूल, म्हणजे सु. ०·०२७ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. वीजमापकावरील नोंद मात्र याहून अधिक भरते. हा फरक कोठे गेला, या प्रश्नातून घर्षण, उष्णता व यंत्राची कार्यक्षमता या संकल्पनांची गरज विद्यार्थ्यास स्वतःच जाणवते. नळ अरुंद असल्यास वा गळती असल्यास खर्च का वाढतो, हेही उमगते.

मर्यादा : केवळ कृती म्हणजे विज्ञान नव्हे. मोजमाप, नोंद, अनुमान व पडताळा यांवाचून अनुभव हा अनुभवच राहतो. एका संदर्भात आकळलेले तत्त्व दुसऱ्या संदर्भात लावता आले, तरच ते आत्मसात झाले असे मानता येते. त्यासाठी शिक्षकाची पूर्वतयारी, पुरेसा वेळ आणि उपयोजनाची कसोटी घेणारी परीक्षा आवश्यक असते. अन्यथा पंप हाताळणारा विद्यार्थीही ऊर्जेची व्याख्या पाठच करीत राहतो.